बसमधून सुखरूप आलेली डिस्क

आमच्या मंडळाच्या खोलीत दाराच्या वर पाच वर्षं एक लॅमिनेट केलेली सूचना होती : ‘डिस्क बसने आणू नये.’ अक्षर माझं. खिळाही मीच ठोकला होता. ती सूचना खोटी होती आणि लावतानाच मला ते माहीत होतं. गेल्या महिन्यात मी ती उतरवली. ती का लावली आणि का उतरवली, हे लिहून ठेवतो आहे. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. हे काम आणखी पुढे ढकलता येणार नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. हात चांगला होता, आजही आहे. माझ्या हाताखालून गेलेली माणसं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुकानं चालवतात आणि अडलं की मला फोन करतात. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी एका वाचनालयाची मागची खोली मागून घेतली. ऑफिसांनी मोडीत काढलेले लॅपटॉप गोळा करायचे, साफ करायचे, त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची आणि खेड्यांतल्या शाळांना द्यायचे. चांदूर बाजारला दिले, बार्शीटाकळीला दिले, बडनेऱ्याच्या दोन शाळांना दिले. परत आलेले फार थोडे.

खोलीत नेमाने येणारे तिघं. एक मी, सगळ्यांचा ‘सर’. दुसरे एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांना स्क्रू काढण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण ते आले नाहीत तर खोलीत काम होत नसे. तिसऱ्या अकोल्याच्या बाई. त्या पूर्णाकाठच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेवर शिकवत होत्या. रोज अकोल्याहून जाऊन-येऊन नोकरी केली. महिन्यातून दोन शनिवार त्या अमरावतीला आमच्याकडे येत आणि आमच्या दोघांपेक्षा जास्त लॅपटॉप मार्गी लावून जात.

पूर्णाकाठ म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. एखाद्या गावात एखादीच विहीर गोडी असते आणि तीही कधी फिरेल ते सांगता येत नाही. बाईंनी शाळेतल्या मुली घेऊन अकरा वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या विहिरी मोजल्या. दर महिन्याला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, पाण्यात धरायचा, आकडा पाटीवर लिहायचा, पाटी एका मुलीच्या हातात द्यायची आणि तिला विहिरीच्या काठाशी उभं करून फोटो काढायचा. पाटीवर तीन ओळी असत. विहिरीचं नाव, म्हणजे गावात जे म्हणतात ते : चिंचेखालची, शाळेमागची, जुन्या मोटेची. खाली तारीख. त्याखाली आकडा.

मी एकदा म्हटलं होतं, “बाई, फोटोच्या फाइललेच नाव द्या ना. पाटी कायले?”

“फाइलचं नाव बदलते, सर,” त्या म्हणाल्या. “गट नंबर बदलते, मालक बदलते. फोटोतली पाटी कोन बदलन?”

मला तेव्हा ते मास्तरकीचं वाटलं होतं.

आता डिस्कच्या नावांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच घडलं. लिनक्समध्ये मशीन सुरू झालं की समोर येईल त्या डिस्कला ते एक नाव देतं. पहिली दिसली ती एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. ही नावं डिस्कची नसतात, रांगेतल्या जागेची असतात. दवाखान्यात काल ज्याचा तिसरा नंबर होता तो आज पहिला असू शकतो; नंबरावरून माणूस ओळखायला गेलं तर भलत्यालाच सुई टोचली जाईल. डिस्कची खरी ओळख वेगळी असते. तिच्यावर एक लांबलचक क्रमांक असतो, शिवाय आपण दिलेलं नाव, म्हणजे लेबल, असतं. हे दोन्ही तिच्यावरच लिहिलेलं असल्यामुळे ती कुठल्याही लॅपटॉपला कुठल्याही क्रमाने लावली तरी बदलत नाही.

हे मला माहीत होतं. मी इतरांना ते समजावूनही सांगत असे. पण आमच्याकडचे सगळे लॅपटॉप एकाच जुन्या धाटणीचे होते. आतली डिस्क नेहमी एसडीए. बाहेरून पेनड्राइव्ह लावला की तो नेहमी एसडीबी. म्हणून मी एक कागद तयार केला आणि प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवला : ‘एसडीए आतली, एसडीबी बाहेरची.’ खाली लिनक्स टाकण्यासाठीचा पेनड्राइव्ह तयार करायची आज्ञा, जशीच्या तशी टाइप करण्यासाठी. कंडक्टरसाहेबांनाही त्या कागदावरून पेनड्राइव्ह करता यायचा, याचा मला अभिमान होता.

बाईंनी तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हाच विचारलं होतं, “सर, समजा एका वक्ती दोन डिस्क लावल्या बाहेरून, तं एसडीबी कोनती?”

“दोन लावायच्याच नाही,” मी म्हणालो.

“अन् कोनी लावल्याच तं?”

“बाई, या कागदावर आतापावतो एक चूक नाही झाली.”

कंडक्टरसाहेब म्हणाले, “बाई, सरांच्या कागदाले हात लावू नका. आपल्याले रिझर्वेशनचा चार्ट आहे तो.” आम्ही हसलो. बाईही हसल्या, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला दिसलं होतं.

मग एका ऑफिसकडून आठ लॅपटॉप आले, नव्या धाटणीचे. त्यांच्यातली आतली डिस्क पत्तीसारखी, बोटभर लांब. तिचं नाव एनव्हीएमईपासून सुरू होतं. ती एसडीच्या रांगेत उभीच राहत नाही. म्हणजे बाहेरून लावलेल्या प्रत्येक डिस्कची जागा एकाने पुढे सरकते. पेनड्राइव्ह एसडीबी न राहता एसडीए होतो, आणि त्यामागून लावलेली डिस्क एसडीबी. आठही लॅपटॉप मी स्वतः उघडले, पत्त्या पाहिल्या, कौतुक केलं आणि त्यांच्या झाकणांना तोच जुना कागद चिकटवला.

त्या शनिवारी बाई दुपारी आल्या. त्या निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. शाळेतला कॉम्प्युटर मोडीत निघाला होता आणि विहिरींचं सगळं काम आता एकाच बाहेरच्या डिस्कवर होतं. त्याची दुसरी प्रत करून ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डिस्क त्यांनी स्वतः शिवलेल्या फ्लॅनेलच्या पिशवीत होती. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मूर्तिजापूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला, बॅग वरून खालीच आली. डिस्क ठीक असन ना, सर?”

“पाहतो,” मी म्हणालो. त्यांना बडनेऱ्याला बहिणीकडे जायचं होतं. उद्या सकाळी येते म्हणून त्या गेल्या. कंडक्टरसाहेब त्या दिवशी नव्हते.

नव्यापैकी एका लॅपटॉपला मी सकाळपासूनच एक कोरा पेनड्राइव्ह लावून ठेवला होता. त्यालाच मी बाईंची डिस्क जोडली. ती लगेच उघडली. लेबल बाईंनी दिलेलं : ‘पाणी’. मी एक फोटो उघडला. दोन वेण्यांची मुलगी, मागे विहीर, हातात पाटी. आणखी दोन-तीन पाहिले. डिस्कला काहीही झालं नव्हतं. ती बसमधून सुखरूप आली होती, आणि हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

प्रत करायला दोन-अडीच तास लागले असते. त्याआधी पेनड्राइव्ह उरकून घेऊ, असं मी ठरवलं. झाकणावरचा कागद पाहिला, आज्ञा टाइप केली, शेवटी एसडीबी लिहिलं आणि एंटर दाबलं.

या आज्ञेला डीडी म्हणतात. दिलेली फाइल ती सांगितलेल्या डिस्कवर पहिल्या घरापासून लिहीत जाते. तिथे आधी काय होतं ते ती पाहत नाही, विचारतही नाही. मी चहाचा कप उचलला आणि सहज नजर गेली. पेनड्राइव्हचा दिवा बंद होता. बाईंच्या डिस्कचा दिवा भराभर लुकलुकत होता.

मी केबल उपटली. दीड-दोन मिनिटं झाली असतील, जास्त नाही. पण डिस्कची सुरुवात, कुठे काय ठेवलं आहे त्याची यादी, सगळी गेली होती. पुन्हा जोडल्यावर ‘पाणी’ हे लेबल कुठेच दिसलं नाही.

मी डिस्क पुसली, फ्लॅनेलच्या पिशवीत घातली, पिशवीची नाडी बांधली. नाडी बांधताना मी काय करतो आहे हे मला नीट कळत होतं.

रविवारी सकाळी बाई आल्या. कंडक्टरसाहेबही आले होते, हातात गिल्या वड्याचा पुडा. मी म्हणालो, “बाई, डिस्क उघडून नाही राहिली.”

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. पिशवीकडे पाहत म्हणाल्या, “बॅग पडली होती, सर. माहीच चूक. मांडीवर घ्याले पाहिजे होती.”

इथे मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. मी बोललो तेही एकच वाक्य, पण दुसरं : “जुन्या डिस्कले धक्का सहन नाही होत.”

“बाप्पा!” कंडक्टरसाहेब म्हणाले. “एका ब्रेकनं? तीस वर्सं माह्या गाडीत लोकायनं अंड्याचे ट्रे नेले, सर. एक अंडं नाही फुटलं.”

“अंडं आन डिस्क सारखी नसते,” मी म्हणालो.

“मले तं अंडंच मजबूत दिसून राहिलं.”

बाईंनी विचारलं, काही निघेल का. मी म्हटलं, ठेवून जा, प्रयत्न करतो. पुढच्या आठवड्यात मी ती सूचना लिहिली, लॅमिनेट करून आणली आणि दाराच्या वर लावली. कोणी विचारायच्या आत उत्तर भिंतीवर लावून ठेवलं की कोणी विचारत नाही.

बाई त्यानंतर दोनदा आल्या. दारातून आत येताना वर पाहायच्या. मग यायच्या थांबल्या.

आता पुढचं, जे पहिल्यापेक्षा वाईट आहे. दोन महिन्यांनी मी त्या डिस्कवर खरंच काम केलं, आणि ते उत्तम केलं. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. लिहायच्या आधी दोन्हींचे क्रमांक कागदावर उतरवून घेतले आणि तीनदा ताडून पाहिले. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून प्रतीमधून हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला. पुसलं गेलं होतं ते सुरुवातीचंच. बाकीचं सगळं जागच्या जागी होतं. हजारो फोटो निघाले. फाइलींची नावं गेलेली, नुसते आकडे. आणि प्रत्येक फोटोत पाटी होती : विहिरीचं नाव, तारीख, आकडा. मी महिनाभर बसून ते गावागावांप्रमाणे लावून एका वेगळ्या डिस्कवर ठेवले. पहिले दोन उन्हाळे तेवढे मिळाले नाहीत. ते माझ्या एंटरखाली गेले होते.

मी ते बाईंना दिले नाहीत. धक्क्याने बिघडलेली डिस्क असं भरभरून परत देत नाही, हे बाईंना कळलं असतं. आणि मूळ डिस्कच्या तोंडाशी माझ्या पेनड्राइव्हची फाइल बसलेली होती. ती तिथे कशी आली, याला उत्तर नव्हतं. योग्य वेळ पाहून देऊ, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पाच वर्षं मूळ डिस्क आणि ही फोटोंची डिस्क माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागे होत्या.

त्याच पाच वर्षांत मी झाकणांवरचे सगळे कागद खरवडून काढले. प्रत्येक डिस्कला लेबल दिलं, गावांची नावं दिली : एक चांदूर, एक बडनेरा, एक दर्यापूर. प्रत्येक लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एसडीए-एसडीबी काढून लांब क्रमांक घातले. नियम केला : डिस्कवर लिहिण्याआधी लेबल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून ‘हो’ म्हणायचं, मगच एंटर. तेव्हापासून आमच्याकडे एकही डिस्क चुकून पुसली गेलेली नाही. लोक म्हणतात, सरांची शिस्त. मी ऐकून घेत असे.

गेल्या महिन्यात कंडक्टरसाहेब एका लग्नाला पूर्णाकाठी जाऊन आले. त्यांनी सांगितलं ते असं. बाईंच्या शाळेच्या गावात पिण्याच्या पाण्याची नवी विहीर खणायची आहे. दोन जागा आहेत. बाई ग्रामसभेत म्हणाल्या, चिंचेखालच्या बाजूला खणू नका, तिथलं पाणी दरवर्षी वैशाखात खारं होतं, मी मोजलं आहे. कोणीतरी विचारलं, कुठे आहे मोजलेलं? बाई म्हणाल्या, होतं, माझ्या हातून गेलं. तेव्हा मागून एक जण बोलला, “अकरा वर्सांचं पाणी बाईनं बसमंदी सांडलं!” दुसरा म्हणाला, “मोजलं असन तं सांडन ना. पोरी फिरवल्या विहिरी-विहिरीनं, फोटो काढले, झालं.”

“बाई काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“खाली बसल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंडक्टरसाहेबांना म्हणालो, अकोल्याला चला. दोन्ही डिस्क पिशवीत घातल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि बसमध्ये बसलो. ते पिशवीकडे पाहून म्हणाले, “सर, नियम मोडून राहिले तुमी.” मी म्हटलं, हो.

बाईंनी ओसरीत खुर्च्या मांडल्या. पाणी आणलं. मी पाणी पिण्याआधी बोललो, कारण नंतर बोललो नसतो. बसमध्ये काही झालं नव्हतं. डिस्क माझ्याकडे उघडली होती. पेनड्राइव्ह समजून मी तुमच्या डिस्कवर लिहिलं. तुम्ही विचारलं होतं, एसडीबी कोणती. ती तुमची होती.

कंडक्टरसाहेब आधी उठले. “पाच वर्सं! पाच वर्सं माह्या गाडीले बदनाम केलं तुमी! मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होतो, बसमंदी डिस्क नेऊ नका म्हनून!”

“बसा तुमी,” बाई त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज वर गेला नाही. “मले वाटे, मांडीवर घेतली असती तं वाचली असती. रोज वाटे, सर. भाजी निवडताना बी.”

मी म्हणालो, “बाई, मी माफी…”

“माफी-बिफी मंग पाहू. निघालं का काही?”

“पहिले दोन उन्हाळे गेले. बाकी सगळं आहे.”

“पयले दोन उन्हाळे,” त्या म्हणाल्या. “तवा तं चिंचेखालची गोडी होती.”

मग त्या आत गेल्या, आपला लॅपटॉप आणि एक नवी डिस्क घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. “कापी करा. माह्यासमोर.”

मी फोटोंची डिस्क आणि बाईंची नवी डिस्क जोडली. यादी उघडली.

“वाचा,” बाई म्हणाल्या.

मी लेबल वाचलं. क्रमांकाचे पहिले चार आणि शेवटचे चार आकडे वाचले.

“पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी नव्या डिस्कच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीशी ताडून पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या. मी एंटर दाबलं आणि आम्ही तिघंही दिव्याकडे पाहत बसलो. योग्य दिवा लुकलुकत होता. प्रत पूर्ण होईपर्यंत बाईंनी एकेक फोटो उघडून पाहिला. मुलींना त्या चेहऱ्यावरून ओळखत होत्या. ही आता नर्स आहे, ही दर्यापूरला दिली, हिला मीटर बुडवायची भीती वाटायची. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलल्या.

निघताना मी विचारलं, आणखी काय करू. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. भिंतीवरची सूचना काढा आणि का काढली ते लिहा. आणि पुढच्या सभेला गावात या.

पुढच्या सभेला मी गेलो. शाळेच्या वर्गात भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. बाईंनी चिंचेखालच्या विहिरीचे वैशाखातले नऊ फोटो एकापाठोपाठ दाखवले. पाटीवरचा आकडा दरवर्षी वाढत गेलेला, पाटी धरणारी मुलगी दरवर्षी वेगळी. त्यांतली एक मुलगी कडेवर पोर घेऊन वर्गातच बसली होती. ती म्हणाली, “हे मीच हावो.”

कोणीतरी विचारलं, अकरा वर्षं म्हणत होत्या, मग नऊच कसे? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि जे ओसरीत सांगितलं तेच सांगितलं, डिस्कच्या नावांची भानगड वगळून. ती डिस्क बसमध्ये बिघडली नाही. बाईंच्या हातून काही गेलं नाही. पहिली दोन वर्षं माझ्या हातून पुसली गेली आणि पाच वर्षं मी ते लपवलं.

मग मागून एक जण बोलला, मागच्या सभेत ‘बसमंदी सांडलं’ म्हणणाराच असावा, “म्हंजे पानी तुमी सांडलं, सर.”

“हो,” मी म्हणालो. “मी सांडलं.”

“बरं,” तो म्हणाला आणि बाईंकडे वळला. “बाई, मंग शाळेमागं खनू म्हनता?”

बाई फोटोतल्या पाटीकडे बोट दाखवत त्याला आकडा वाचून दाखवू लागल्या. मी खाली बसलो.